सायकल निर्दोष आहे

४ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार. साष्टांग घातला असता, पण कंबर अजून ठणकतेय, तेव्हा उभ्याउभ्याच मानून घ्यावा.

तुमचं पार्सल पोचलं. उघडलं तर आत हेल्मेट. पिवळंधमक. आधी वाटलं भांडं आहे. उलटं करून पाहिलं तेव्हा पट्टा दिसला. उभी हयात दुकानदारांची वजनंमापं तपासण्यात गेली, त्यामुळे हात आपोआप तराजूकडे गेला. खोक्यावर अडीचशे ग्रॅम छापलंय, भरलं दोनशे ऐंशी. जास्त भरलं म्हणून काय झालं, खोटं ते खोटंच. नोकरीत असतो तर नोटीस काढली असती.

तुमचे उपकार आहेत, ते नाकारत नाही. गेल्या महिन्यात सायकलवरून पडलो, भुवईला टाके पडले, हे मीच लेकीला फोनवर सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. तेव्हापासून तिचा एकच घोशा: सायकल विका, आणि आणखी एकदा पडलात तर सामान बांधून इकडे घेऊन येणार. तुम्ही तिच्या सासूबाई, घरात तुमच्या शब्दाला वजन. तुम्ही रदबदली केलीत म्हणून सध्या हेल्मेटवर निभावलंय. पण माफ करा, हे टोपरं मी घालणार नाही.

कारणं ऐका. तुम्ही इतकी वर्षं डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डात सिस्टर होतात, म्हणून तुम्हाला प्रत्येक सायकलवाला रक्तबंबाळ दिसतो. अहो, तुमच्याकडे फुटलेलीच डोकी यायची. ज्यांचं शाबूत राहिलं ते टांग मारून घरी गेले. ते कशाला तुम्हाला दाखवायला येतील? एकच पारडं बघून वजन सांगायचं, हा कुठला न्याय? दुसरं असं की, माझं उघडं पांढरं डोकं दिसलं की गाडीवाला दबकतो, म्हातारा आहे म्हणून लांबून जातो. हेल्मेट दिसलं की त्याला वाटणार, याची सोय झालेली आहे, आणि कोपराला घासून जाणार. आणि डोक्याची एवढीच काळजी असेल तर जिना उतरणाऱ्याला, आंघोळ करणाऱ्याला का नाही हो हेल्मेट? सायकलनेच काय घोडं मारलंय?

हे फोनवर बोललो असतो, पण लेक फोन स्पीकरवर टाकते आणि मग सभा भरते. रिटायर होऊनही तुम्ही रोज सकाळी दवाखान्यात मलमपट्ट्या करायला जाता असं आपली टिल्ली सांगत होती. आठ वर्षांची नात एवढी बातमीदार निघेल असं वाटलं नव्हतं. म्हणून दवाखान्याच्या पत्त्यावर लिहिलं. राग नसावा.

तुमचा,
व्याही


९ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

पत्र मिळालं. राग नाही, तेवढा वेळ नाही.

तुमचे मुद्दे छान आहेत. आमच्या वॉर्डातही असे मुद्देसूद बोलणारे पुष्कळ यायचे. फरक एवढाच की दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःचं नाव आठवायचं नाही. न फुटलेली डोकी मला दाखवायला कोणी आणली नाहीत हे कबूल. पण फुटलेल्यांना चमच्याने पाणी मी पाजलंय, तराजूने नाही. आणि घरात पडलेलेही यायचे बरं का, जिन्यावरचे, न्हाणीघरातले. त्यांनाही मी हेल्मेट घातलं असतं, पण त्यांनी ऐकलं नसतं. पुरुष तर मुळीच नाहीत.

आता खरं सांगते. हे सगळं मी तुमच्या डोक्यासाठी करतेय अशी समजूत करून घेऊ नका. माणूस म्हणून असायची तेवढी काळजी आहे. जास्त काळजी मला माझ्या खोलीची आहे.

तुम्ही आमचं घर पाहिलंय. एक खोली मुलाची नि सूनबाईची, हॉलच्या कोपऱ्यात टिल्लीचा पसारा, आणि एक माझी. मी नर्सिंगच्या होस्टेलात चौघींत राहिले, सासरी सात माणसांत राहिले, ड्यूटीवर चाळीस खाटांत राहिले. दार लावून आत एकटं बसता येतं अशी जागा मला साठी उलटल्यावर मिळाली. तिथे मी काही करत नाही. खुर्चीत बसते. तेच तर सुख आहे.

परवा तुमची लेक टेप घेऊन माझ्या खोलीत आली. "आई, सहज बघतेय हं," म्हणाली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सहज बघितलं. मधोमध प्लायवूडचं पार्टिशन, अलीकडे मी, पलीकडे तुम्ही. खिडकी तुमच्या वाटणीला येते.

तेव्हा टोपरं म्हणा, घागर म्हणा, पण घाला. तुम्ही पडलात की माझ्याच खोलीत येऊन पडणार आहात.

सिस्टर (तुमच्या विहीणबाई)


१८ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून आधी चिडलो, मग एकटाच हसलो. एवढं सरळ माझ्याशी पुष्कळ दिवसांत कोणी बोललं नव्हतं. सगळे माझ्याशी हल्ली गोड आवाजात बोलतात, तो आवाज ऐकला की समजावं, आपल्याबद्दल पाठीमागे काहीतरी ठरतंय.

मीही सांगून टाकतो. मला तुमची अर्धी खोली नको. खिडकीसकट नको. तुमच्या इमारतीत सायकल लिफ्टमध्ये घालू देत नाहीत, जिन्याखाली ठेवू देत नाहीत, आणि घरात आणली तर जावईबापू तिच्यावर टॉवेल वाळत घालतील. इथे मी सकाळी उठतो, सायकल पुसतो, वाचनालयात जाऊन पेपर चाळतो, भाजी आणतो, घरी येतो. सत्तरीतल्या माणसाचा यापलीकडे संसार काय असतो? तो मोडायचा नाही मला.

तेव्हा ठरलं. तुम्ही तिकडून तुमची खोली राखा, मी इकडून माझी सायकल राखतो. हेल्मेट घालायचं कबूल.

पहिल्या दिवसाचा वृत्तांत ऐका. कोपऱ्यावरच्या केमिस्टने ओळख दाखवली नाही. भाजीवालीने विचारलं, "काका, ऑपरेशन झालं का डोक्याचं?" वाचनालयात ते काढून टेबलावर ठेवलं, तर एका गृहस्थाने त्यात छत्री उभी केली. आजवर ज्यांनी माझ्या सायकलकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ती माणसं आता थांबून सांगतात, "जपून हं, दिवस वाईट आहेत." चाळीस वर्षं याच रस्त्याने जातोय. दिवस अचानक मंगळवारपासून वाईट झाले.

आणि डोक्याला घाम किती येतो! थंडीतसुद्धा. असो. शब्द दिलाय तर पाळतो. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी हौसेने फोटो काढला, "काका, काय ऐटबाज दिसताय," म्हणाल्या आणि लेकीला पाठवूनही दिला. आता तुमच्या सूनबाईच्या जिवाला शांतता मिळेल आणि टेप कपाटात जाईल.

व्याही


१ मार्च

व्याहीबुवा,

घात झाला.

फोटो आला तेव्हा आम्ही जेवत होतो. सूनबाईने पाहिला आणि घास तसाच ताटात ठेवला. मला वाटलं, आनंद झाला. तर म्हणते, "अहो, बाबांना हेल्मेट घालून बाहेर पडावं लागतंय! म्हणजे किती धोक्याचं झालं असेल तिकडे! मला कोणी काही सांगतच नाही!" मी म्हटलं, अगं, ते तर मीच पाठवलं. "तेच म्हणते मी. आई, तुम्ही इतकी वर्षं हेच पाहिलंत. तुम्हाला पाठवावंसं वाटलं, म्हणजे काहीतरी असणारच ना?"

इतकी वर्षं तुम्ही बोडक्या डोक्याने हिंडत होतात, तेव्हा ही पोरगी सुखाने झोपत होती. सुरक्षित झालात आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

माझ्या मुलाने तर कहर केला. मी आजवर जेवताना सांगितलेले वॉर्डातले सगळे किस्से त्याला पाठ आहेत. तो एकेक काढून मलाच ऐकवायला लागला. कोण खड्ड्यात गेला, कोणाची दाढ गेली, कोण बायकोला ताई म्हणायला लागला. मी म्हटलं, "अरे, माझ्याकडे फुटलेलीच यायची, शाबूत राहिलेले घरी जायचे, त्यांचा हिशेब कोणी धरायचा?" बोलून गेले आणि जीभ चावली. वाक्य तुमचं होतं.

निर्णय असा झालाय: सायकल लगेच विकायची आणि एप्रिलअखेर तुम्ही इकडे. सुतार येऊन गेला. माझ्या खुर्चीत बसून चहा प्यायला.

आता एकच वाट दिसते. तो अपघात म्हणजे निव्वळ योगायोग होता, त्यात तुमचा किंवा सायकलचा काही दोष नव्हता, हे मला त्यांना पटवता आलं पाहिजे. माझ्या शब्दाला अजून थोडी किंमत आहे. तुम्ही कुठे, कसे पडलात, कुठल्या अंगावर, कुठे कुठे लागलं, सगळं नीट लिहून कळवा. काही झाकू नका.

सिस्टर


६ मार्च

विहीणबाई,

म्हणजे घालत नव्हतो तेव्हा घाला म्हणालात, आणि घातलं तर सायकलच विका! तुम्हाला दोष देत नाही, पण माझी कारणं परत एकदा वाचून काढा.

अपघाताचा तपशील देतो. वाचनालयाकडून परत येत होतो. पिठाच्या गिरणीपाशी वळण आहे, तिथे कोणीतरी बांधकामाची बारीक खडी ओतून ठेवली होती. वेग बेताचा. तेवढ्यात एक कुत्रं आडवं आलं. तांबूस, कान पडलेलं. मी त्याला वाचवायला हँडल वळवलं, पुढचं चाक खडीवर सरकलं आणि मी डाव्या अंगावर गेलो. भुवई दगडावर आपटली. डाव्या कमरेवर ताटलीएवढा काळानिळा डाग पडला होता, तो पिवळा पडून आता गेलाय. बाकी कुठे ओरखडासुद्धा नाही. तळहात कोरे, गुडघे कोरे. यावरून माझं सायकलवरचं नियंत्रण लक्षात यावं. दुसरा कोणी असता तर सोलून निघाला असता.

हे त्यांना सांगा. चूक खडी टाकणाऱ्याची आहे. फार तर कुत्र्याची.

व्याही


१० मार्च

व्याहीबुवा,

तुम्ही सायकलवरून पडला नाहीत.

सायकलवरून पडणारा माणूस आधी हात पुढे टाकतो. ते काही ठरवून होत नाही, हात आपसूक जातात. तळहात सोलवटतात, गुडघे फुटतात, मनगट जातं. तुमचे तळहात कोरे आणि भुवई फुटलेली. असं फक्त हात अडकलेले असले की होतं. आमच्याकडे घरात पडलेली म्हातारी माणसं यायची ती अशीच.

कशात अडकले होते हात? पँटमध्ये?

सिस्टर


१५ मार्च

विहीणबाई,

हो. पँटमध्ये.

तीन दिवस पत्र टाकलं नाही. लिहिलं ते फाडलं. आता सांगतो ते तुमच्यापाशीच ठेवा.

सकाळी वाचनालयात जायला निघालो होतो. एक पाय पँटमध्ये घातला, दुसरा उचलला आणि खोली फिरली. खोली फिरली की मी, ते कळलं नाही. टेबलाची कड भुवईला लागली. दोन्ही हात पँटच्या कमरेला धरलेले, तसाच आडवा झालो. किती वेळ पडून होतो ते सांगत नाही. स्वयंपाकघरात नळ टपकत होता. त्याचा वॉशर बदलायला हवा, असं मनात आलं. मग हाक मारावीशी वाटली, पण कोणाला मारायची ते सुचेना. आमची ही होती तेव्हा मी तिला एवढ्यातेवढ्याला हाका मारायचो. ती वैतागायची. त्या दिवशी पहिल्यांदा घर रिकामं आहे असं वाटलं, आणि भीती वाटली. विहीणबाई, मी फार घाबरलो होतो.

मग उठलो. तोंड धुतलं, रुमाल दाबून धरला आणि डॉक्टरकडे गेलो. कशावर बसून गेलो असेन? सायकलवरच. एका हाताने चालवत. खोली फिरली होती, पण सायकलवर बसल्यावर सगळं जागच्या जागी आलं. आणि डॉक्टरांनी "कसे पडलात" विचारलं तेव्हा बाहेर उभी असलेली तीच पहिली डोळ्यांसमोर आली. म्हटलं, सायकलवरून. झालं. सगळं खापर तिच्या माथी.

का सांगितलं तसं? सायकलवरून पडतो तो गडी असतो, त्याला लोक विचारतात, गाडी कुठली होती, चूक कोणाची. पँट घालताना पडतो तो म्हातारा. त्याला कोणी काही विचारत नाही, त्याचं ठरवून टाकतात.

आता पेच बघा. खरं सांगावं तर सायकल निर्दोष सुटते आणि मी अडकतो. बाप एकटा घरात पडतो म्हटल्यावर लेक मला एक दिवस इथे राहू देणार नाही. तेव्हा मी असं ठरवलंय: सायकल विकतो. लेकीला सांगा, बाबांनी ऐकलं, धोका टळला, आता त्यांना त्यांच्या घरी राहू द्या. माझं घर वाचतं, तुमची खोली वाचते. सायकलला काय, ती बोलत नाही.

तुम्ही फक्त गप्प राहायचं.

व्याही


२१ मार्च

व्याहीबुवा,

मी सांगून टाकलं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी खूश होते, हे आधी सांगते. खोलीत जाऊन दार लावलं, खुर्चीत बसले. किती सोपं होतं! नुसतं गप्प राहायचं. गप्प राहण्यात काही खोटं बोलणंही नाही. संध्याकाळपर्यंत सुखात होते. मग नळाचा आवाज आला, आमच्याकडचा, आणि माझं सुख संपलं.

घरात पडून उशिरा सापडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल मी जेवताना किस्से सांगत नाही. सायकल गेली की तुमचे पाय जाणार, पाय गेले की पुन्हा पडणार, आणि नळाचा आवाज ऐकत पडून राहणार. आणि मी इकडे माझ्या खुर्चीत! नाही जमायचं. मला राग आला तुमचा. एवढी मोठी गोष्ट माझ्या गळ्यात कशाला घातलीत?

सूनबाईला सगळं सांगितलं. मला वाटलं आरडाओरडा करेल. ती एवढंच म्हणाली, "बाबांनी मला का नाही सांगितलं?" आणि रडायला लागली. मलाही आवरेना.

पण सायकलची बाजू मी सोडली नाही. मुलगा मध्ये बोलायला लागला, त्याला गप्प केलं. म्हटलं, सायकल त्यांची नर्स आहे, ती काढलीत तर वर्षभरात अंथरूण धरतील. शेवटी असं ठरलं: तुम्ही इकडे यायचं, सायकलसकट. इमारतीच्या सेक्रेटरीशी मी भांडले, जिन्याखाली जागा मिळाली. सकाळी बागेभोवतीच्या रस्त्याने फिरवायची, हेल्मेट घालून. अट एकच. घरात पुन्हा पडलात तर एकट्याने बाहेर पडणं बंद.

सुतार सोमवारी येतोय. खिडकी तुमच्या बाजूला.

सिस्टर


२५ मार्च

मोठ्या सिस्टरांस,

आपल्यावर भरवसा ठेवला ही माझी चूक. यापुढे आपले संबंध लग्नकार्यात एकमेकांना नमस्कार करण्यापुरते.

एप्रिलअखेर येतो. दुसरा इलाज ठेवलेला नाही. खिडकी तुमच्याच बाजूला राहू द्या. मला उपकार नकोत.

(सही)


१४ जून
प्लायच्या पलीकडून

विहीणबाई,

एका घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसू नका. या घरात बोललेलं सगळं सगळ्यांना ऐकू जातं, तेव्हा पार्टिशनखालच्या फटीतून सरकवतोय. मी आल्यापासून आपण "मीठ द्या" आणि "गीझर बंद करा" याच्यापुढे गेलो नाही. दोष माझा. रागावून बसलो होतो, आणि नंतर राग संपला तरी कसं बोलायला लागावं ते कळेना.

आज सकाळी मी मोजा घालताना पडलो. या वेळी पलंगाच्या कडेला बसलो होतो, तुम्ही टिल्लीकडून सांगून पाठवलंत तसा, तरी पडलो. पडल्यावर तेच आठवलं, टेबल, नळ, सगळं. वाटलं, आता पुन्हा तेवढा वेळ. आणि डोळे उघडेपर्यंत तुम्ही समोर. हे भिकार प्लायवूड, शेजारच्या माणसाने कूस बदललेली ऐकवतं म्हणून तुम्ही सुताराच्या नावाने बोटं मोडता ना? त्याच्यातून माझं पडणं ऐकलंत. काखेत हात घालून उभं केलंत, मला काही समजायच्या आत.

मग स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, "काय पडलं?" म्हटलं, गेली सायकल, गेला बागेचा रस्ता, उद्यापासून हा माणूस नजरकैदेत. आणि तुम्ही ओरडलात, "मी पडले गं, पाय घसरला." वर चक्क फरशीवर बसलात! लेक धावत आली तर मी उभा आणि तुम्ही खाली. माझा हात तुम्ही सोडला नव्हतात, म्हणून तिला वाटलं, मीच तुम्हाला उठवतोय. "बाबा, बरं झालं तुम्ही होतात," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी तिने नि जावईबापूंनी फर्मान काढलं ते ऐकलं. आईंनी एकटीने बाहेर जायचं नाही, दवाखाना बंद. तो दवाखाना म्हणजे तुमचा जीव आहे. खोली गेली, ती माझ्यामुळे. आता हेही?

म्हणून आत्ता स्वयंपाकघरात जाऊन मी सांगितलं. लेकीच्या डोळ्यांत बघून. "मी पडलो. मोजा घालताना. जानेवारीतही घरातच पडलो होतो, आणि तुला सायकल सांगितली. आईंचं काही नाही, त्या ठणठणीत आहेत." आयुष्यभर दुकानदारांकडून खरं वदवून घेतलं, पण स्वतः खरं बोलायला किती बळ लागतं ते आज समजलं.

तिने ऐकून घेतलं. डोळे पुसले. आणि म्हणाली, "बाबा, किती पाठीशी घालाल आईंना! तुमचं दोघांचं पटत नाही म्हणून मला काळजी होती. पण उगाच खोटं बोलू नका, मी स्वतः पाहिलं कोण खाली बसलं होतं ते."

मी दोनदा शपथ घेतली. तिने मला चहा करून दिला.

आता तुम्हीच सांगा काय करू.

व्याही


१४ जून, संध्याकाळ
अलीकडून

व्याहीबुवा,

काही करू नका. आज पुरे केलंत.

खोटं का बोलले ते मला विचारलंत तरी सांगता यायचं नाही. मार्चमध्ये खरं सांगितलं तेव्हा विचार करून सांगितलं होतं. आज विचार केला नाही. पडलेल्या माणसाच्या तोंडावर एक भाव असतो, दुखण्याचा नव्हे, कोणी पाहिलं तर नाही ना, याचा. तो मी वॉर्डात रोज बघायचे आणि कामाला लागायचे. आज तुमच्या तोंडावर दिसला आणि मला बघवला नाही. तोंडून निघून गेलं. एवढंच.

पण नर्स मेलेली नाही माझ्यातली. बसल्या जागेवरून पडलात, म्हणजे हे नुसतं वय नाही. कानात बिघाड असेल, रक्तदाब असेल, तुम्ही रोज घेता त्या गोळ्या असतील. दवाखान्यात आमच्या डॉक्टरीणबाई बसतात, त्या तुम्हाला उद्याच तपासतील. "हो" म्हणायचं. नाही म्हणालात तर मी आत जाऊन सगळं सांगेन, आणि माझ्यावर तिचा विश्वास बसतो.

तुम्ही म्हणाल, दवाखाना तर बंद झाला. झाला होता. तुम्ही चहा पीत होतात तेव्हा मी सूनबाईशी तह केला. एकटीने जायचं नाही, मान्य. पण कोणी जबाबदार माणूस सोबत असेल तर हरकत नाही ना? ती विचारात पडली. तेवढ्यात माझे चिरंजीव म्हणाले, "बाबा आहेत की! ते फार सावध आहेत. साध्या सायकलवरसुद्धा हेल्मेट घालतात." सूनबाईला एकदम पटलं. तुमच्या भरवशावर मला बाहेर सोडतेय.

हसू दाबून धरताना माझी बरगडी दुखली. कोणी विचारलं तर सकाळच्या पडण्याने दुखतेय म्हणून सांगेन.

उद्या साडेआठला निघायचं. तुम्ही मला सांभाळून न्यायचं, असं ठरलंय. चौकात रस्ता ओलांडताना मी तुमचा हात धरीन, चांगला घट्ट. बघणाऱ्याला वाटेल, तुम्हीच माझा धरलाय. वाटू दे.

सिस्टर